दर रविवारी बेमुदत

जाहिरातीत पाच जण होते. डोंगरमाथ्यावर पाच इलेक्ट्रिक डर्ट बाइक, हेल्मेट काढलेली पाच डोकी, आणि पाचही जण हसतायत. मला वाटलं, गाडीबरोबर बाकीचे चार येतात. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण हेल्मेट मिळेल असंही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि ते मिळालं.

मी कोपरला राहतो. आईबाबा रिटायर होऊन संगमेश्वरला गेले, मित्र लग्न होऊन बदलापूरला गेले, आणि ऑफिस लॅपटॉपमध्ये गेलं. सोमवार ते शनिवार मी दुसऱ्यांच्या अ‍ॅपमधल्या चुका शोधतो. रविवारी मला कोणी काही विचारत नाही. एका रविवारी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तेव्हा दिवेलागण झालेली, आणि तो शब्द होता, ‘पिशवी नको.’

म्हणून गवा घेतला. गाडीचं नाव गवा, कंपनीचं रानवेग, शोरूम वर्तकनगरला. दसऱ्याला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, लिंबावरून गाडी नेली. लिंबू फुटलं, म्हणजे तोपर्यंत गाडी चालत होती.

पहिल्याच रविवारी मोहन्याला गेलेलो, रेयॉनच्या जुन्या कारखान्याच्या पलीकडे एक टेकाड आहे तिथे. अर्ध्या चढावर गाडी थांबली. बॅटरी भरलेली, मोटर थंड. स्क्रीनवर आलं, ‘तुम्हाला हा चढ आवडलेला दिसतो! पुढचा चढ पाहण्यासाठी सदस्य व्हा.’

चढायची ताकद गाडीत होती. ती फक्त दर महिन्याला वेगळी विकत घ्यायची होती. डोंगर मोड वेगळा, रिव्हर्स वेगळा, हॉर्नचा मोठा आवाज वेगळा. फुकटात फक्त शहर मोड. त्यात गाडी सायकलवाल्याच्या मागून अदबीने चालते.

शेजारी दगडावर साठीपुढचे एक गृहस्थ बसलेले. त्यांचाही गवा बंद.

“या,” ते म्हणाले, जणू मी त्यांच्याकडे चहाला आलेलो. “तुमचाही इथेच थांबला?”

“हो.”

“सगळ्यांचा इथेच थांबतो. बसा, अजून येतील.”

आणि खरंच आले. आधी चिराग आला, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. तो गाडीला शिव्या घालतच वर आला आणि आमच्यापाशी येऊन थांबला. मग वर्तकनगरची रसिका आली. ती दातांची डॉक्टर. तिने हेल्मेट काढलं, आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, “फुकटाची हद्द इथे संपते वाटतं.”

दगडावरचे गृहस्थ म्हणजे विठ्ठलकाका. खाली दिसणाऱ्या त्याच कारखान्यात ते युनियनचे चिटणीस होते. गाडी त्यांच्या जावयाची. जावई दुबईला, गाडी काकांच्या गळ्यात. काकांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू बऱ्याच वर्षांनी त्यांना कामगार दिसले. एकमेकांची आडनावं विचारण्याआधी आमची पदं वाटून झाली. रानवेग गवा वाहनधारक कृती समिती. काका अध्यक्ष, मी सचिव, रसिका खजिनदार. चिराग म्हणाला, “मना पद-बिद नको,” म्हणून त्याला कार्याध्यक्ष केलं.

काकांचं म्हणणं, अर्ज-विनंत्यांचा काळ गेला, थेट साखळी उपोषण. पण बाकी सगळ्यांना नोकरीधंदा होता. मग बॅनरवर छापलं, ‘दर रविवारी बेमुदत उपोषण, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.’ छापणाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की असंच? मी म्हटलं, असंच.

शोरूम रविवारी बंद असतं, हे आमच्या लक्षात आलेलं नव्हतं. पहिलं उपोषण शटरसमोर झालं. शटरने काही प्रतिसाद दिला नाही. पुढच्या रविवारपासून मात्र कंपनीने खास आमच्यासाठी शोरूम उघडं ठेवलं. आत काचेमागे दक्षता नावाची मुलगी बसायची, ग्राहक संपर्क विभाग. बाहेर ग्राहक बसायचे. संपर्क नव्हता.

आंदोलनाला आम्ही बस, रिक्षा, जे मिळेल त्याने यायचो. गाड्या आणल्या असत्या तर शहर मोडमध्ये सोमवारी पोचलो असतो. डेकोरेटरकडून प्लास्टिकच्या खुर्च्या यायच्या. ज्याची पाळी, त्याने न खाता बसायचं. बाकीच्यांनी कोपऱ्यावर जाऊन मिसळ खायची आणि परत येऊन त्याला मिसळ कशी होती ते सांगायचं नाही. हा नियम चिरागसाठी केलेला, कारण तो सांगायचा.

“रस्सा आज जाम तिखट होता रं विनीत. डोळ्यातना पाणी.”

“चिराग, नियम.”

“मी कुठं सांगतंय? रडलो का ते सांगतंय.”

मग काका घोषणा द्यायचे. आवाज अजून खणखणीत. “चढ आमच्या हक्काचा!” आम्ही म्हणायचो, “नाही कुणाच्या बापाचा!” येणारेजाणारे थांबून विचारायचे, कसला चढ? मी त्यांना समजावून सांगायचो. मी इतकं कधी कोणाशी बोललेलो नव्हतो. एका आजोबांना मी सबस्क्रिप्शन म्हणजे काय ते सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे गाय विकायची आणि शिंगं भाड्याने द्यायची.” मी ते मागणीपत्रात घातलं.

हळूहळू माणसं वाढली. मोहन्याच्या टेकाडावर अडकलेले अजून सातआठ गवेवाले आले. रसिका घरून थालीपीठ आणायची, म्हणजे उपोषणाला नसलेल्यांसाठी. माझा रविवार शनिवारी रात्रीच सुरू व्हायचा. बॅनरच्या सुतळ्या गुंडाळून ठेवायच्या, पाळी कोणाची ते ग्रुपवर टाकायचं, खुर्च्या सांगायच्या. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला कोणी ‘वीकेंड कसा गेला’ विचारलं तर मी म्हणायचो, “बेमुदत.”

काकांचा एक बारकावा होता. संध्याकाळी पाचला उपोषण सुटत नाही, स्थगित होतं. स्थगित झालं की घरी जाऊन वाट्टेल ते खा. पण सोडायचं असेल तर मागण्या मान्य व्हायला हव्यात, आणि समोरच्या पक्षाने स्वतःच्या हाताने मोसंबीचा रस पाजायला हवा. “रस पोटात गेल्याशिवाय आंदोलन संपत नाही,” काका म्हणायचे. “कागदावर काहीही लिहिलेलं असो.”

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दक्षता काचेमागून बाहेर आली. हातात कागद.

“सचिव कोण?”

“मी.”

“सर, हेड ऑफिसने मान्य केलंय. डोंगर मोड सगळ्यांना फुकट.”

चिरागने शिट्टी मारली. रसिकाने मला टाळी दिली. मला वाटायला हवं होतं तसं काही वाटलं नाही. पुढचा रविवार एकदम रिकामा दिसला, भाड्याची खोली सामान काढल्यावर दिसते तसा.

“रिव्हर्सचं काय?” मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मागणी रास्त होती. कागद परत गेला.

पुढच्या रविवारी रिव्हर्स मान्य होऊन आला. मी हॉर्न काढला. हॉर्न मान्य झाला. मी म्हटलं, स्क्रीनवरचं मराठी अशुद्ध आहे. त्यांनी शुद्ध केलं. मग मी मागितलं की गाडी चालू करताना तिने ‘नमस्कार’ म्हणावं. चिराग म्हणाला, “अरे, तू गाडी मागतंय का बायको?” सगळे हसले. मीही हसलो. ‘नमस्कार’ही मान्य झाला.

त्या दिवशी काका मला चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन गेले.

“विनीत, मागण्या वाढवणं चांगलं. पण मान्य झालेली मागणी ताटकळत ठेवू नये.”

“अजून नीट विचार करायला हवा ना काका. सर्वंकष.”

“मी बघितलंय,” ते म्हणाले. “चांगली पोरं चर्चा लांबवतात आणि एक दिवस चर्चा करायला समोर कोणी उरत नाही.” कपातला चहा त्यांनी फिरवला. “पुढच्या रविवारी रस. ठरलं.”

उपोषणाची पाळी त्या रविवारी माझी होती. मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्यात विशेष काही नव्हतं, एरवीही रविवारी मी दुपारपर्यंत खात नाही, फक्त तेव्हा बॅनर नसतो.

सगळे गाड्या घेऊन आलेले. आदल्या रात्री सगळ्यांचं अपडेट झालेलं. वर्तकनगरच्या त्या गल्लीत दहाबारा गवे एकामागून एक ‘नमस्कार’ म्हणत होते. काकांनी दक्षताला शाल दिली. तिने काकांना नारळ दिला. रसिकाने फोटो काढले. मग दक्षता माझ्यासमोर ग्लास घेऊन उभी राहिली. मोसंबीचा रस, वर फेस.

“घ्या सर.”

मी ग्लास हातात घेतला. टाळ्या वाजल्या. ग्लास हातातच राहिला.

“पी की,” चिराग म्हणाला.

“पितो.”

“कधी?”

“थोडा थंड आहे. गारवा कमी होऊ दे.”

पहिल्या पाच मिनिटांत लोकांना गंमत वाटली. मग कोणीतरी म्हणालं, आम्ही टेकाडावर जाऊन येतो, पहिल्यांदा वरपर्यंत. गाड्या निघाल्या. रसिका निघताना म्हणाली, “विनीत, पिऊन ये मागून.” तिला क्लिनिकही होतं. चिराग म्हणाला, “मना जेट्टीवर जायचाय, नायतर थांबलो असतो रं,” आणि थांबला नाही. काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि ते जावयाच्या गाडीवर बसले. गाडी त्यांना ‘नमस्कार’ म्हणाली. तेही म्हणाले, “नमस्कार.”

मागे मी राहिलो. रिकाम्या खुर्च्या, बॅनर, माझा गवा, ग्लास. नियमाप्रमाणे आंदोलन चालू होतं. मी एकटा साखळी होतो.

दक्षता आत गेली, तासाभराने परत आली, समोरची खुर्ची ओढून बसली.

“सर, काही राहिलंय का?”

“आठवतोय.”

“अजून काही मागायचं असेल तर आत्ताच सांगा. हेड ऑफिसवाले म्हणाले, काहीही मागितलं तरी दे. ते कंटाळलेत.”

“तुम्ही?”

शालीची घडी मांडीवर नीट करत ती म्हणाली, “माझी आई मुरबाडला असते. शनिवारी रात्री निघून रविवारी दिवसभर मी तिच्याकडे असायचे. तुमचं उपोषण सुरू झाल्यापासून गेलेली नाही. ती विचारते, कसले लोक आहेत गं हे, सणसुदीलाही उपाशी बसतात. मी सांगते, चांगले आहेत, फक्त गाडी चढत नाही त्यांची.” तिने ग्लासकडे पाहिलं. “आता गाडी चढते, सर.”

एवढे रविवार मी काचेच्या या बाजूने तिला पाहत होतो. मला वाटायचं, आतमध्ये पंखा आहे, तिचं बरं चाललंय.

“शोरूम कधी बंद करणार?” मी विचारलं.

“तुम्ही प्यायलात की. मला फोटो पाठवायचाय, रिकाम्या ग्लासचा.”

मी प्यायलो. रस कोमट झालेला, तळाशी बिया. एका दमात संपवला. तिने ग्लास घेतला, उजेडात धरून पाहिला, फोटो काढला. आत जाऊन दिवे घालवले. शटर ओढायला मी पुढे झालो, तर ते बटणावर होतं. ते आपलं आपण, सावकाश, आवाज करत खाली आलं.

“येते सर. आत्ता निघाले तर संध्याकाळच्या आत पोचेन.” शाल तिने पर्समध्ये कोंबली. “आईला देते. तिला खरं वाटणार नाही.” रिक्षात बसताना ती इतकी खूश दिसत होती की मी उगाच हात केला.

मी काकांना फोन लावला. मागे वारा आणि कोणाचं तरी ओरडणं. वरपर्यंत पोचलेले दिसत होते.

“प्यायलास का?”

“हो.”

“शाब्बास. मग संपलं.”

“काका, पुढच्या रविवारी…”

“पुढच्या रविवारी काय? मागणी काय राहिली?”

“मागणी नाही.” बॅनरची सुतळी मी बोटाला गुंडाळत होतो. “मी रविवारी एकटा असतो, काका. म्हणून.”

पलीकडे कोणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली, ते म्हणाले, थांबा रे.

“अरे,” ते म्हणाले, “हे मागणीपत्रात का घातलं नाहीस?”

“सगळ्यांची मागणी नव्हती ना.”

“हं.” मग घसा खाकरला. “पुढच्या रविवारी नात यायची आहे. सान्वी. तिला आधीच कबूल केलंय. त्याच्या पुढच्या… बघतो हं. बघतो.”

मॅनेजमेंट ‘बघतो’ म्हणाली की काय समजायचं, हे कळायला युनियनमध्ये असावं लागत नाही. मी म्हटलं, “चालेल काका. सावकाश उतरा. रिव्हर्स आहे आता.”

डेकोरेटरचा टेम्पो यायला वेळ होता. मी बॅनर सोडला, सुतळ्या गुंडाळल्या, खुर्च्या एकात एक घातल्या. एक बाहेर ठेवली आणि तिच्यावर बसलो. भूक लागलेली. कोपऱ्यावर मिसळ होती, पण ती कशी होती हे परत येऊन ज्याला सांगायचं असं कोणी नव्हतं, आणि ‘नियम’ म्हणून अडवणारंही कोणी नव्हतं.