कुलपातली चहादाणी

मी एक जुनी चहादाणी आहे, मित्रांनो. चोचीचा टवका उडाला आहे, पण म्हणून कुणी माझी कीव करायची नाही. इंग्लंडच्या भट्टीत भाजले, जहाजाच्या पोटात भुशात निजून समुद्र ओलांडला आणि मॅसॅच्युसेट्सच्या एका मासेमार गावात टॅबिथा आजींच्या घरी उतरले. शेजारणी म्हणायच्या, "टॅबिथा, चहादाणी गुणाची हो तुझी!"

मग विलायतेच्या राजाने चहावर कर बसवला. "आम्हाला न विचारता आमच्या कपात हात घालतो मेला!" आजी कडाडल्या. गावातल्या बायकांनी शपथ घेतली, कर उठेपर्यंत चहा बंद. घरोघरी रासबेरीचा पाला उकळू लागला. आजींनी उरलासुरला चहा माझ्या पोटात भरला, मला भिंतीतल्या कपाटात कोंडले आणि किल्ली कमरेला अडकवली.

आत काळोख. पोटात चहा, पण पाण्याचा थेंब नाही. बाहेर कप वाजले की मी जिवाचा कान करून ऐकायची. वास यायचा तो पाल्याचा.

एके सकाळी पिंपे बनवणारा ओबेडाया गावातर्फे माणसे घेऊन चहाच्या झडतीला आला. चहा पिणाऱ्याचे नाव चौकात लागायचे आणि मग त्या घरचे मासे कुणी घ्यायचे नाही. आजींच्या मुलाची होडी तर मासळीवरच चालायची.

"आजी, कपाट उघडा."

"उघडते. आधी पाय पूस. देशभक्ती काय चिखलाच्या पायांनीच करायची असते?"

त्याने मला हिसकून बाहेर काढले. माझी चोच दाराला आपटली. "हा बघा चहा! शपथ मोडली!"

"कोरडा आहे ना? मग मोडली कशी? रिकाम्या भांड्यावर शपथ कुणीही पाळेल! मी रोज या कपाटापुढून जाते आणि पाल्याचं पाणी पिते. तू पिऊन दाखव!"

"माझं सोडा, आजी. गावाला कसं पटायचं?"

आजींनी मला त्याच्या हातून घेऊन चुलीत पालथे केले. चहा जळू लागला. वास घरभर पसरला. कुणी जागचे हलेना. ओबेडायाने तर डोळे मिटून छाती भरून घेतली.

"नाकाने प्यायलेला चालतो वाटतं शपथेत?" आजींनी विचारले.

तो टोपी सावरत निघून गेला. आजींचे नाव काही चौकात लागले नाही. मी मात्र रिकामी होऊन पुन्हा कपाटात गेले.

पुढे लढाई झाली, राजाचा अंमल गेला. तोवर आजी उरल्या नव्हत्या. मी कपाटातून संग्रहालयाच्या काचेत आले. कुलूप तेवढे बदलले. सगळे सुटले, मित्रांनो, मी तेवढी आत.

तेव्हा घरातली जुनी भांडी जपा, पण कोंडू नका. अधूनमधून त्यांत काहीतरी गरम ओता. टवका उडाला तर उडू दे. माझा उडाला तो मी बाहेर आले त्याच दिवशी, आणि कोंडल्यापासूनचा मला आठवतो तोही तेवढाच दिवस.