नावाआधीचा टी

मला पसारा सहन होत नाही. ही खोड लहानपणापासूनची. सोलापूरला मी बाबांची सगळी पुस्तकं उंचीनुसार रांगेत लावली होती आणि त्यांचा आठवडाभराचा अबोला ओढवून घेतला होता. त्यांना एकही पुस्तक सापडेना. मला मात्र ती रांग फार सुंदर दिसत होती.

चेन्नईला सिरुसेरीच्या कंपनीत मला कामही तसंच मिळालं. एका हॉस्पिटलच्या पाच शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेत पेशंटची नावं वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेली. एकच माणूस कुठे मिस्टर, कुठे थिरु, म्हणजे तमिळमधलं श्री, कुठे नुसताच. त्या पाच वह्यांची एक वही करायची होती. मी नियम लिहिला: नावाआधी जे काही चिकटलेलं असेल ते काढून टाका. मिस्टर, मिसेस, डॉक्टर, थिरु, कुमारीसाठीचं सेल्वी, आणि एकच अक्षर व टिंब असेल तर तेही. मग उरलेलं नाव, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर जुळला की दोन नोंदींची एक करा. शेजारी बसणाऱ्या कार्तिकेयनं नियम वाचून विचारलं होतं, इनिशियलसुद्धा काढायचं का? मी म्हटलं, तो कचरा आहे. तो पुढे काही बोलणार होता, पण मी हेडफोन घातले. मला मध्ये बोललेलं आवडत नाही.

नियम लागला आणि सहा हजारांवर नोंदी एका झटक्यात कमी झाल्या. आमचे मॅनेजर संजीव सर खूश झाले. हाच नियम आता कोइंबतूरच्या हॉस्पिटललाही लावायचा आणि ते काम मी एकटीनं सांभाळायचं असं ठरलं. मी हवेत होते.

मी राहायचे टी. नगरच्या मागच्या गल्लीत, व्यासराज मामा आणि राजसबाई मामींच्या वरच्या खोलीत. मूळची तंजावरकडची मराठी माणसं. मामांनी शाळेत पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलेलं. त्यांना कशाचंही कुतूहल. मी जोडलेल्या-तोडलेल्या नावांवर जगते हे कळल्यापासून आमचा रविवारच्या नाश्त्याचा एक खेळ सुरू झाला होता. ते म्हणायचे, "योग." मी म्हणायचे, वियोग. ते प्रयोग म्हणायचे, मी उद्योग. पुढे एखादं अक्षर लागलं की तोच शब्द कुठल्या कुठे जातो, याचं त्यांना अजून, पंच्याहत्तराव्या वर्षीही, नवल वाटायचं. माझ्याकडून त्यांनी किलो, मेगा, गिगा घेतले आणि वहीत उतरवून ठेवले.

त्या रविवारी त्यांनी मामींची थायरॉइडची गोळी माझ्यासमोर धरली. पन्नास मायक्रोग्रॅम. मायक्रो काढलं तर किती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पन्नास ग्रॅम, मूठभर. मामा बोटांवर हिशेब करत बसले आणि मग गंभीरपणे म्हणाले की पुढचं काढणारानं फार जपून काढावं. मग खिडकीबाहेर हात दाखवून म्हणाले की टी. नगरातलं टी काढ आणि रिक्षावाल्याला नुसतं नगर सांग, बघ कुठे नेऊन सोडतो ते. मी पोटभर हसले. इतकी हुशार मी, पण मला काही म्हणजे काही सुचलं नाही.

बुधवारी मामांचं ऑपरेशन होतं, त्याच पाच शाखांच्या हॉस्पिटलात. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की ते थांबायचे आणि आपण काहीतरी आठवतोय असं दाखवायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता दिवस घालवू नका. मामींनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

सोमवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर मामी पायरीवर बसलेल्या. पिशवी मांडीवर. दुपारी मामा देवळात गेले असताना हॉस्पिटलमधून फोन आला होता. तिथल्या मुलीनं सांगितलं की आमच्या नोंदीप्रमाणे व्यासराज राव गेल्या वर्षीच वारले, तेव्हा बुधवारची वेळ आम्ही दुसऱ्या पेशंटला दिली आहे. मामींनी सांगितलं की वारले ते यांचे थोरले चुलतभाऊ, हे धाकटे आहेत. मुलीनं विचारलं, यांचं नाव काय, इनिशियल काय, इनिशियल कोणाचं. मामींना सगळं माहीत होतं. पण त्यांच्या सासूबाईंनी लग्नात शिकवलं होतं की नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव बायकोनं तोंडातून काढायचं नाही, आणि त्यांनी ते एक्कावन्न वर्षं काढलं नव्हतं. फोनवर त्या गप्प राहिल्या. मुलगी दोनदा हॅलो म्हणाली आणि फोन ठेवून दिला. नंतर मामांनी स्वतः फोन केला तेव्हा काउंटर बंद होत आला होता. कागद घेऊन या, पुढच्या महिन्याची तारीख बघू, एवढंच उत्तर मिळालं.

"माझ्या तोंडाला कुलूप लागलं गे," मामी म्हणाल्या. "आता त्यांना काही झालं तर ते मजमुळें."

मामा आत चटईवर कागद पसरून बसले होते. घाबरलेले नव्हते, कोडं सोडवत होते. आजोबांचं नाव व्यासराज, म्हणून दोन्ही मुलांनी आपापल्या थोरल्या मुलाला तेच नाव दिलेलं. दोघे चुलतभाऊ एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेले. थोरल्यांचे वडील रघुराम, म्हणून ते आर. व्यासराज राव. मामांचे वडील तुळजाजी, म्हणून हे टी. व्यासराज राव. थोरल्यांकडे मोबाइल नव्हता, तेव्हा हॉस्पिटलात त्यांनीही मामांचाच नंबर दिलेला. पण इतकी वर्षं कोणाची गल्लत झाली नाही, मग आताच त्याचं मरण मज का लागलं, असं मामा विचारत होते. नाव तेच, वर्ष तेच, नंबर तोच. 

"मामा, ते मी केलंय," मी म्हटलं.

नियम सांगितला. टी काढला, आर काढला, दोघांचा एकच माणूस झाला, आणि तो गेल्या वर्षी वारला. मला वाटलं होतं की नावाआधीचं अक्षर मिस्टरसारखं असतं, असलं काय नसलं काय. आमच्याकडे वडिलांचं नाव मधे पूर्ण लिहितात, ते मी कधीच काढलं नसतं. इथे तेच एका अक्षरात पुढे उभं असतं, हे वर्षभर चेन्नईत राहून मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद गोळा करून एकावर एक ठेवले.

"अप्पा गेले तेव्हां मी चार वर्षांचा," ते म्हणाले. "फोटो नाही, चेहरा आठवत नाही. शाळेत हजेरीला टी. व्यासराज म्हणाले कीं वाटायचं, अप्पा माझ्यापुढें उभे आहेत. मी त्यांच्या मागून हजर म्हणायचा." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "काढलेलं परत लावतां येतं काय गे?"

मी लगेच संजीव सरांना फोन लावला. ते म्हणाले की घाबरू नकोस, या एका पेशंटची नोंद हातानं वेगळी कर, कोणाला कळायचंही नाही. नियमाचं नंतर सावकाश पाहू. खरं सांगते, मला ते फार बरं वाटलं. कोइंबतूर डोळ्यांपुढे आलं. पण दारात मामी उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून, जणू तीच कोणी घेऊन जाईल. अशा किती घरांत किती पिशव्या असतील, मला माहीत नव्हतं. मी सरांना सांगितलं की नियम चुकला आहे, तो आजच बंद करायचा आणि हॉस्पिटलला आपणच कळवायचं.  सर एवढंच म्हणाले, सकाळी ये.

मंगळवारी मी आणि कार्तिकेयनं जुनी यादी उघडून अक्षरं परत लावली. मी आधी त्याची माफी मागितली; तो म्हणाला, आधी हेडफोन काढ. एकत्र झालेल्या नोंदींपैकी चारशे बारा मुळात दोन वेगळी माणसं होती. एका बाईच्या नोंदीत दुसरीचा रक्तगट चढला होता. तो वाचून मी पाणी प्यायला उठले आणि थोडा वेळ परत आले नाही. कोइंबतूरचं काम दुसऱ्या कोणाला गेलं. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला जागा नव्हती.

दुपारी टी. व्यासराज राव पुन्हा जिवंत झाले. बुधवारची वेळ मात्र गेलेली होती. डॉक्टरांनी स्वतः मामांना फोन करून शुक्रवारी सकाळची पहिली वेळ दिली.

शुक्रवारी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी मामांना स्ट्रेचरवर आणलं तेव्हा गुंगीचं औषध चढू लागलं होतं. पापण्या जड झाल्या होत्या. नर्सनं कागद काढला आणि तमिळमध्ये विचारलं की पेशंटचं नाव सांगा, इनिशियल सांगा, आणि इनिशियल कोणाचं ते पूर्ण सांगा. हॉस्पिटलनं हा प्रश्न त्याच आठवड्यात सुरू केला होता. मी तयारच होते. मी तोंड उघडलं, तर मामींनी माझं मनगट धरलं.

"व्यासराज," त्या म्हणाल्या. मग नर्सला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाल्या, "टी. व्यासराज राव. टी म्हणजे तुळजाजी."

नर्सनं मनगटावरची पट्टी पाहिली, कागदावर खूण केली आणि सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणून स्ट्रेचर आत ढकललं. तिच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. मामी पदरानं तोंड झाकून बाकावर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते, आणि हसतायत की रडतायत हे विचारायचा धीर मला झाला नाही. पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि झडप चांगली बसली म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घशातली नळी काढली. आवाज घोगरा झाला होता, बोलू नका असं बजावलं होतं. मी आणि मामी पायाशी उभ्या होतो. मामांनी बोटानं मामींना जवळ बोलावलं.

"काल दाराशीं काय म्हणालीस," त्यांनी विचारलं, "तें परत म्हण."

मामींनी मागे वळून पाहिलं. मी होते, नर्स होती, पलीकडच्या खाटेवरचा पेशंट टक लावून बघत होता. त्या वाकल्या आणि मामांच्या कानाशी नाही, चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, इनिशियलसकट.

"हजर," मामा म्हणाले.