नोल्सच्या नावातला के

लिओना कुचार्स्कीच्या मागच्या अंगणात एक खुर्ची होती आणि तिच्यावर गेली अकरा वर्षं कुणी टेकलेलं नव्हतं. खुर्ची एक, पण बसायच्या जागा दोन, आणि मधे दोघांत मिळून एकच हात. बाल्टिमोरचं जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा तिचा नवरा स्टॅन ती तिथून सोडवून घेऊन आला होता. तिला कुणी बाकडं म्हटलेलं त्याला खपायचं नाही. बाकडं चर्चमध्ये असतं, म्हणायचा, तिथे माणूस डुलक्या काढतो.

खुर्चीचा नियमही स्टॅननेच घातलेला. दर जुलैत बेसबॉलचे क्लब शाळाकॉलेजातली पोरं निवडतात, एकामागून एक, नंबर लावून. आपल्या क्लबाचा नंबर यायच्या आत घरातल्या प्रत्येकाने एकेक नाव लिहायचं. ज्याचं नाव बरोबर निघेल, त्याची खुर्ची. त्याने ती खुशाल आपल्या घरी न्यायची, एका जागी आपण बसायचं आणि दुसऱ्या जागी आपल्या मर्जीचं माणूस बसवायचं. स्टॅनला दोनदा नाव साधलं. दोन्ही वेळा त्याने शेजारी लिओनाला बसवलं आणि दोन्ही वेळा मधला हात स्वतःच अडवला. तो गेला आणि मग कुणालाच साधलं नाही. लिओना दर वसंतात खुर्चीच्या बोल्टना तेल द्यायची, लाकडाला रंगाचा हात द्यायची, पण बसायची नाही. तिने बसमध्येसुद्धा कुणी उठून दिलेली जागा कधी घेतली नव्हती.

यंदा धोका जावयाचा होता.

मार्लीनचा नवरा डग शाळेत भाषा शिकवायचा. माणूस कनेक्टिकटचा. वीस वर्षं बाल्टिमोरात काढूनही खेकडा सुरीने खायचा, ऑपरेशन केल्यासारखा. लिओना त्याला मास्तर म्हणायची आणि तो तिला सगळ्या गल्लीसारखं मिस लिओना म्हणायचा. ड्राफ्टच्या, म्हणजे पोरांच्या या निवडीच्या, आधी महिनाभर तो याद्या वाचत बसे. कुणाचा हात किती वेगाचा, कुणाचा गुडघा कधी दुखावला, सगळं त्याला तोंडपाठ. गेल्या वर्षी त्याने लिहिलेलं पोरगं आपल्या क्लबानंतर लगेच पुढच्या क्लबाने उचललं होतं, म्हणजे अगदी दाराशी येऊन हुकलं. आणि आता मार्लीनने फोनवर सहज सांगितलं होतं की त्याने शहराबाहेरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर दोन कुंड्यांच्या मधे खुर्चीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. लिओनाने फोन ठेवला आणि त्या दिवशी तिला बटाट्याची भाजीसुद्धा गोड लागली नाही.

खुर्ची अंगणातून हलणार नाही, असं ती एका शब्दात सांगू शकली असती. तिच्या तोंडावर कोण बोलणार होतं? पण नियम स्टॅनचा, आणि दुसऱ्यांना तो नियम वाजवून सांगणारी आजवर तीच. आता आपल्यावर आलं म्हणून शब्द गिळायचा, तर मग कुचार्स्की कशाला म्हणवून घ्यायचं. तेव्हा उपाय एकच. नाव आपल्याला साधलं पाहिजे.

आणि नाव तिच्याकडे होतं. कॉलेजांच्या स्पर्धेत तिने टीव्हीवर एक कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा, पाहिला होता, अमोस नोल्स, कॅरोलायनाचा. चेंडू बरगडीवर घेत होता, छातीवर घेत होता, मागे एकही जाऊ देत नव्हता. पण तिच्या मनात भरलं ते वेगळंच. एक चेंडू मागच्या म्हाताऱ्या अंपायरच्या मनगटावर बसला. अंपायर बिचारा सगळ्यांदेखत कळवळणार कसा? तर हे पोरगं उठलं आणि रमतगमत चेंडू टाकणाऱ्या आपल्या पिचरकडे गेलं, तिथे बुटाची नाडी सोडून परत बांधली, तेवढ्यात म्हाताऱ्याने हात झटकून घेतला. स्टॅन डब्यांच्या कारखान्याच्या टीमचा कॅचर होता, तोही असाच नाडी बांधायला जायचा. बुधवारी मार्लीनकडे शेंगा मोडताना लिओनाने हे सगळं तिला सांगितलं आणि म्हणाली की क्लबाच्या साहेबांना डोळे असतील तर ते हाच घेतील. साहेब रेडिओवर पिचर पिचर करतायत याचा अर्थ घेणार कॅचर. सहा वर्षं ती त्यांना ओळखत होती. डग तेव्हा तिथेच भांडी पुसत होता, पण पुरुषाच्या कानात शेंगा मोडतानाच्या गप्पा जातात असं तिला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारीच टीव्ही स्वैपाकघराच्या खिडकीत अंगणाकडे तोंड करून बसला. लांब टेबलावर तपकिरी कागद अंथरला गेला. नावं त्याच कागदावर लिहायची, ज्याने त्याने आपल्या पुढ्यात, आणि वर खेकडे ओतायचे. म्हणजे निकाल लागेस्तोवर कुणाला कुणाचं दिसायला नको. मोबाइल सगळ्यांनी रिकाम्या पातेल्यात टाकायचे आणि वर झाकण, कारण टीव्हीवर नाव यायच्या आत ते फोनवर फुटतं. डगने दोन फोन टाकले. लिओनाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने मनगटावरचं घड्याळही काढून टाकलं.

पेन्सिल शेवटी तिच्या हातात आली. डावा हात कागदाभोवती घालून तिने लिहिलं आणि मोठ्या चमच्याने खेकडे ओतायची खूण केली.

लिहिणं हा लिओनाचा प्रांत नव्हता. चौदाव्या वर्षी ती शाळा सोडून डब्यांच्या कारखान्यात लागली. मार्लीनच्या शाळेत जायच्या चिठ्ठ्या स्टॅन लिहायचा, वाणसामानाची यादी ती कानाला ऐकू येईल तशी लिहायची. पण स्कोअरची वही म्हणाल तर त्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. चाळीस वर्षांचे सामने तिने वह्यांत उतरवले होते. तिथे शब्द लागत नाहीत. कॅचरचा आकडा दोन, आणि फलंदाज तीन चेंडू हुकवून बाद झाला की चौकोनात इंग्रजीतला के. असे हजारो के तिने काढले असतील. चांगल्या चांगल्या पोरांची तोंडं त्या एका अक्षराने उतरलेली तिने पाहिली होती.

लाल मसाल्याने माखलेले, वाफाळते खेकडे टेबलावर कोसळले. लाकडी हातोड्या चालू झाल्या. कुंपणापलीकडून अर्ल ब्रोझिना कणीस खात उभा राहिला. अर्ल शेजारी, विधुर, आणि आपल्या क्लबाबद्दल चांगलं बोलायचं नाही अशी त्याने शपथ घेतलेली. त्याचं म्हणणं, देवाच्या कृपेने तो उंच डावखुरा पिचर प्रुइट आपल्या चौदाव्या नंबरापर्यंत उरला तर त्याला घ्यावा, आणि उरला तरी आपले शहाणे घ्यायचे नाहीत. एकेक नाव जाहीर होत होतं. न्यूयॉर्कवाल्यांनी कुणाला घेतलं त्यावर गल्लीभर हुर्यो झाली. बॉस्टनने कुणाला घेतलं ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. अकरा झाले, बारा झाले, तेरा झाले, आणि प्रुइट अजून शिल्लक. अर्लचं कणीस हवेतच थांबलं. चार घरं पलीकडे कुणीतरी जोरात डबा बडवायला लागलं.

सूट घातलेला माणूस टीव्हीवर आला आणि म्हणाला की बाल्टिमोरची निवड, अमोस नोल्स, कॅचर.

डब्याचं बडवणं थांबलं. मग चार घरांपलीकडचा डबा कुणीतरी भिंतीवर फेकला.

"कॅचर," अर्ल म्हणाला. "समोर हत्ती उभा, आणि यांनी शेळी घेतली. आहे तो कॅचर काय मेलाय?"

"त्याचे गुडघे मेलेत," लिओना म्हणाली. "तुझ्यासारखे."

तिच्या मनात मात्र लाडू फुटत होते. साधलं होतं. अकरा वर्षांनी. तिने पुढ्यातली टरफलं बाजूला करायला हात घातला, आणि तेवढ्यात समोर डग उभा राहिला. त्याने आपल्या जागेवरचे खेकडे मनगटाने सरकवले. खाली त्याच्या सुरेख मास्तरी अक्षरात नाव होतं. नोल्स. आणि त्याच्या सगळ्यात आधी, मोठा, ताठ उभा, एक के.

लिओनाने आपल्या कागदाकडे पाहिलं. तिच्या नावात के नव्हता. एन होता, ओ होता, मग एल आणि झेड, आणि पुढे दोनचा आकडा. लिहायचं पण बोलायचं नाही असं एक अक्षर त्या नावात दडून बसलेलं आहे हे तिला कोण सांगणार होतं, टीव्हीने? मास्तरांपुढे हे उघडं करायचं. तो हसायचा नाही, तेवढा शहाणा होता. तो समजून घेईल, आणि ते जास्त वाईट. तिने टरफलं परत ओढून घेतली आणि वर एक अख्खा खेकडा ठेवला.

"मला नाही साधलं," ती म्हणाली. "मास्तर, खुर्ची तुझी. बोल्ट सोडायचे पाने बेसिनच्या खालच्या खणात आहेत."

त्यानंतर ती कुणाला बोलू देईना. मागे पुढे करणाऱ्या डगला तिने सुनावलं की जिंकलं ते जिंकलं, आता नवरीसारखं लाजू नको. स्वतः फडकं घेऊन तिने खुर्ची पुसली. बोल्टना कधी तेल द्यायचं, पावसात वर काय झाकायचं, डावीकडची तिसरी पट्टी सैल आहे तिथे जाड्या पाहुण्याला बसवायचं नाही, सगळं खडसावून सांगितलं. अर्ल कुंपणावरून येऊन एका बाजूला लागला. तो अजून प्रुइटचंच सुतक पाळत होता. पहिला बोल्ट कुरकुरला तशी लिओना कणसांची ताटं आवरायला वळली, कारण ताटं कुणीतरी आवरायलाच हवी होती.

मार्लीन टेबलाचा कागद टरफलांसकट गुंडाळत होती. आईच्या जागेपाशी येऊन ती थांबली. वाकली. बोटाने मसाला पुसला.

"आई, हे काय आहे?"

"कचरा आहे. गुंडाळ."

"इथे नोल्स लिहिलंय. पुढे दोन. दोन म्हणजे कॅचर."

पान्याचा आवाज थांबला. डग आला आणि त्याने वाचलं. अर्लही आला, पण त्याचा चष्मा घरी होता, म्हणून त्याला वाचून दाखवावं लागलं. लिओनाला वाटलं, आता हा म्हणेल की हरकत नाही, मिस लिओना, असं होतं. आणि हे म्हणाला तर कणीस त्याच्या डोक्यात घालायचं.

डग म्हणाला, "यात के नाही."

"नाहीच आहे," लिओना म्हणाली. ताट तिने हातातच धरलं होतं. "तू शाळेत शिकवतोस ते तुझ्या शाळेत. माझ्या वहीत के म्हणजे पोरगं तीन हुकवून बाद. त्याने अजून आपली टोपीसुद्धा डोक्यावर घातली नाही, आणि मी त्याच्या नावापुढे आधीच बाद लिहू? त्याच्या आईबापांनी लिहिलं असेल तर त्यांना बेसबॉल कळत नसेल."

अर्ल आधी हसला. मग मार्लीन. डग हसला नाही. तो कागदाकडे बघत राहिला, आणि मग त्याने खिशातून आपल्या याद्यांची घडी काढून टेबलावर ठेवली. तीन पानं होती. कुठल्याच पानावर चौदाव्या नंबरासमोर नोल्स नव्हता.

"मग तू लिहिलास कसा?" मार्लीनने विचारलं.

त्याने सांगितलं की बुधवारी तो भांडी पुसत होता. बुटाच्या नाडीची गोष्ट त्याने ऐकली. घरी जाऊन त्याने ती मॅच पुन्हा लावली, अंपायरचं मनगट पाहिलं, नाडी पाहिली, आणि महिनाभर जमवलेल्या याद्या बाजूला ठेवल्या. "नाव तुमचं आहे, मिस लिओना," तो म्हणाला. "मी फक्त के लावला."

लिओनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. वीस वर्षं हा माणूस सुरीने खेकडा खाताना तिने पाहिला होता, पण त्याचे कान कधी पाहिले नव्हते. तिने ताट खाली ठेवलं.

"चोरी केलीस तर केलीस," ती म्हणाली, "पण माल चांगला उचललास."

मग प्रश्न उभा राहिला, कारण दोघांना साधलं तर काय करायचं, हे स्टॅनने ठरवून ठेवलेलं नव्हतं. अर्लने खुर्ची मधून कापायचं सुचवलं आणि त्याला कुंपणापलीकडे जायला सांगण्यात आलं. डग म्हणाला की जागा दोन आहेत, जिंकणारी माणसंही दोनच आहेत. राहिलं घर कुणाचं, एवढंच. लिओनाने सांगितलं की दोघांत जो वयाने मोठा त्याचं, आणि हा नियम स्टॅनने नक्की घातला असता. मास्तराने दर रविवारी येऊन आपल्या जागी बसावं. नाहीतरी रविवारी खेकडे असतात, तो येतोच. ओट्यावर दोन कुंड्यांच्या मधे त्याने तिसरी कुंडी ठेवावी. डग म्हणाला की टोमॅटो लावीन. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याने सुटलेला बोल्ट परत आवळला आणि पाना खणात नेऊन ठेवला.

ऊन अजून छपरांवर होतं. लिओनाने अंगावरचा झगा झटकला, खुर्चीची दुमडलेली उजवी जागा खाली केली आणि बसली. लाकूड आठवणीतल्यापेक्षा कडक होतं. डग डावीकडे बसला. त्याने सवयीने कोपर मधल्या हातावर टेकवलं, आणि लिओनाने ते न बोलता उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. मार्लीनने दोघांना बर्फाचा चुरा दिला, वर चेरीचं सरबत ओतून.

टीव्हीवर नोल्सला नारिंगी टोपी घालत होते. टोपी त्याला मोठी होत होती.

अर्ल कुंपणावरून म्हणाला, "आधी धाकट्या टीमांत घासतील. चार वर्षं लागतील याला इथे यायला. पाचसुद्धा. बघशील तू."

"येऊ दे सावकाश," लिओना म्हणाली. तिने मधल्या हातावर आपलं कोपर नीट बसवलं. "मी बसलेय."