नऊला चिकटलेला आठ

उद्यान खात्याच्या कारकुनाला घाई होती. तळं आता पूर्वीसारखं गोठत नाही, म्हणून ते बुजवायचं ठरलं होतं आणि त्या जागी पितळेची पाटी बसणार होती. या उद्यानातल्या वेगवान स्केटिंगचा इतिहास, एका पानात. "तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार, घंटाबाई? सोमवारी सकाळी न्यायला येतो," असं म्हणून तो कोरे कागद टेबलावर ठेवून गेला. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेले, आणि घंटाबाईंचं घोडं शेवटच्या ओळीपाशी अडलेलं.

सुरुवात झरझर झाली होती. फार पूर्वी एका पोस्टमनने आणि एका खाटकाने तळ्याला आधी वेढा कोण घालतो यावर पैज लावली. खाटीक तोंडावर आपटला, पोस्टमन जिंकला, आणि पुढच्या हिवाळ्यात निम्मं शहर बुटांना लोखंडी पाती बांधून तिथे हजर. मग माळी बर्फ झाडून पिंपांच्या खुणांनी मार्ग आखू लागले. मग लांब पात्यांचे स्केट्स आले, मंडळ निघालं, पंधरा फेऱ्यांची मोठी शर्यत सुरू झाली. शेवटची ओळ विक्रमाची होती, आणि ती कारकून तोंडीच सांगून गेला होता: नऊ मिनिटं सव्वीस सेकंद, पुढे बाईंच्या नवऱ्याचं नाव.

नवरा समोरच बसला होता. सगळं उद्यान त्याला तुफान म्हणायचं. तुफानाची पासष्टी उलटली होती आणि ते मांडीवर स्केट्स घेऊन दगडावर पाती घासत होतं. दहा वर्षांत पाय बर्फाला लागला नव्हता, तरी रोज दुपारी हे घासणं काही चुकत नव्हतं. खोली एवढीशी. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून दिसणारं तळं आणि भिंतीवर लोकांनी खांद्यावर उचललेल्या तुफानाचा फोटो. अडतीस वर्षं बाई मान वळवतील तिकडे तो विक्रम त्यांच्यासमोर उभा असायचा.

आणि तो खोटा होता. हे जगात आपल्या एकटीला ठाऊक आहे, असं बाई धरून चालल्या होत्या.

त्या काळी काठावर एका खुंटीला आकड्यांचे पंधरा पत्रे लटकवलेले असत. स्केटर समोरून गेला की एक पत्रा काढायचा. एकचा आकडा दिसला की घंटा वाजवायची, म्हणजे शेवटची फेरी. हे काम तेव्हा तेवीस वर्षांच्या असलेल्या बाईंकडे होतं. बोटं इतकी बधिर झाली होती की काय हाताला लागतंय तेही कळत नव्हतं. शर्यत संपल्यावर पत्रे रचताना त्यांना दिसलं: नऊच्या पाठीला आठ गोठून चिकटला होता. दोन्ही एकदमच निघाले होते. तुफान चौदाच फेऱ्या पळाला होता.

तोवर लोकांनी त्याला उचललं होतं. बाईंनी नखाने आठ सोडवला आणि मुकाट ढिगात ठेवला. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाल्या. संध्याकाळी तोच आला आणि म्हणाला, "तुझ्या हातची घंटा शुभ आहे." सांगायचं राहिलं. मग लग्न झालं, मग लेक झाली, आणि मग सांगायचं म्हणजे संसाराच्याच मुळावर घाव घालणं होतं.

त्याची शिक्षा लेकीने भोगली. चौदाव्या वर्षापासून बारा हिवाळे ती त्या नऊ सव्वीसच्या मागे लागली होती. तुफान काठावर घड्याळ घेऊन उभा. "बत्तीस सेकंद. कुठे सांडलेस?" शेवटच्या हिवाळ्यात तिने नऊ अठ्ठावन्न लावले. दहा मिनिटांच्या आत त्या तळ्यावर दुसरं कोणी कधी आलेलं नव्हतं. बाप म्हणाला, "आळस." त्याच वर्षी तिचा गुडघा गेला. आता ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दर रविवारी चारला आईकडे यायची आणि बापाशी हो-नाहीपलीकडे बोलायची नाही.

त्या शेवटच्या शर्यतीतही पत्रे बाईच काढत होत्या. एकदा दोन पत्रे त्यांनी मुद्दाम चिमटीत धरले होते. ओढले असते तर पोर सुटली असती. पण त्यांनी एकच काढला, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग अजून येत होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची एक फेरी कमी झाली होती. पत्रे चिकटले होते."

घासणं थांबलं. तुफानने पातं बोटाने पुसलं. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बर्फावरचा माणूस फेऱ्या मोजत नाही, असं वाटलं तुला? घंटा झाली तेव्हाच कळलं. मला वाटलं, तू माझ्यासाठी मुद्दाम वाजवलीस. मग कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

इतकी वर्षं एका खोलीत दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसली होती. "आणि पोरीला का छळलंत?"

"ती विक्रम मोडेल असं वाटायचं," तो खाली बघत म्हणाला. "तिने मोडला असता, तर मी सुटलो असतो."

बाईंनी पेन उचललं आणि शेवटची ओळ लिहून टाकली. तुफानने अडवलं नाही.

चारला लेक आली. उभ्यानेच पान वाचलं आणि म्हणाली, "आई, शेवटी चुकलंय. इथे माझं नाव लिहिलंयस. नऊ अठ्ठावन्न."

"बरोबर आहे ते. बस." आणि बाईंनी सगळं सांगितलं. चिकटलेला आठ सांगितला, बापाला ठाऊक होतं तेही सांगितलं.

लेक खुर्चीत बसली. हात आपोआप गुडघ्यावर गेला. तिने बापाकडे बघितलं आणि मग ती आईकडे वळली.

"माझ्या वेळी पत्रे तूच काढत होतीस ना?"

"हो."

"पंधराच्या पंधरा?"

"दर वेळी. एकेक खरवडून बघत होते."

लेकीने मान हलवली, आणि तिला रडू फुटलं. बारा हिवाळे हरत राहिली तेव्हा ती एकदाही रडली नव्हती.