आठवड्याच्या बोलीवर नेलेली फीत

मित्रांनो, मी ध्वनिफीत आहे आणि माझे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. करंगळीपेक्षाही अरुंद अशी तपकिरी पट्टी, रिळावर गुंडाळलेली. पट्टीला गंजाच्या रंगाची लोखंडाची भुकटी चोपडलेली असते आणि माणसाचा आवाज त्या भुकटीत राहतो. माझे कौतुक म्हणाल तर एवढेच. पुढे मला मोठमोठे लोक ‘दुर्मीळ’ म्हणू लागले. त्या शब्दाचा मला तिटकारा आहे. का, ते ऐका.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी होत्या. आमच्यात दुर्मीळ कोणीच नव्हते. जॉन-जो कॉनहीडी नावाच्या माणसाने समुद्रापलीकडे कॉव्हेंट्री शहरात अकरा वर्षे रस्ते खणले आणि तो क्लेअर परगण्याच्या पूर्व भागातल्या आपल्या ड्रमानूर गावी कायमचा परतला. येताना त्याने एक टेपरेकॉर्डर आणि आम्हा चौघी फिती आणल्या. आईने विचारले, एवढ्या वर्षांत बायको आणायची सोडून हे काय आणलेस? तो म्हणाला की हे निदान सांगितल्यावर गप्प बसते.

घरात आई, जॉन-जो आणि त्याची बहीण सबीना. सबीना एकेचाळीस वर्षांची होती आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायची. पलीकडच्या टेकडीवर बार्टली टूही राहायचा. तो लाकडी बासरी वाजवायचा. गावाने त्या दोघांचे लग्न तीनदा ठरवले आणि तीनदा मोडले. त्या दोघांना मात्र कोणी एकदाही विचारले नाही. प्रत्येक रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बेकन आणि कोबीचे जेवण व्हायचे. मग बार्टली चिखलाचे बूट दाराशी काढून स्वयंपाकघरात यायचा आणि दोघे चार वाजेपर्यंत वाजवायचे. ऐकायला आई, जॉन-जो, कुत्रा आणि कोंबड्या. टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते. तशी वेळच येत नसे, कारण एक धून संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची.

१९६१ सालच्या ऑक्टोबरातल्या अशाच एका रविवारी जॉन-जोने मला यंत्रावर चढवले. त्या आठवड्यात दोघांनी मिळून एक नवी धून बांधली होती. पहिला भाग सबीनाचा, दुसरा बार्टलीचा. दोघांचे भांडणही झाले होते, कारण तिचे म्हणणे असे की त्याचा भाग तिच्या भागापेक्षा चांगला झाला आणि हे त्याने मुद्दाम केले. ती धून त्यांनी माझ्यासमोर तीनदा सलग वाजवली. मध्ये आई खोकली. कुत्रा एकदा भुंकला. मी सगळे घेतले.

वाजवून झाल्यावर सबीना म्हणाली, आणखी दोन-चारदा वाजवू, नाहीतर विसरायला होईल. बार्टली म्हणाला, “लक्षात कशाला ठेवायची? फितीत आहे ना आता.”

मित्रांनो, या दोघांच्या डोक्यात तीनशेच्या वर धुना होत्या. एकही त्यांनी कुठे लिहून ठेवली नव्हती. माझ्यावर विसंबून सोडलेली ती पहिली, आणि नेमकी तीच गेली.

पंधरा दिवसांनी डब्लिनहून डेस्मंड लालर आला. तो दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडचे काढून घ्यायची सवय त्याला धंद्यातच लागली असावी. त्याला जुन्या संगीताचा नाद होता, म्हणजे जुने संगीत जमवण्याचा. वाजवता त्याला काहीच येत नव्हते. मोटार घेऊन तो गावोगाव हिंडायचा, म्हाताऱ्यांची तारीफ करायचा आणि जाताना काहीतरी घेऊन जायचा. सबीनाने त्याला चहा दिला, घरचा सोडा ब्रेड आणि लोणी दिले. त्याने चार तुकडे खाल्ले आणि मला ऐकले. ऐकता ऐकता त्याने डोळे मिटले. डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवावे हे मी त्या दिवशी शिकले.

“एक आठवडा द्या,” तो म्हणाला. “नक्कल करून घेतो आणि स्वतः आणून देतो.”

जॉन-जो कुरकुरला. बार्टली म्हणाला, “जाऊ दे रे. डॉक्टर माणूस आहे, पळून कुठे जाणार?”

तो पळून कुठेच गेला नाही. अडतीस वर्षे एकाच पत्त्यावर राहिला. मोठे घर, दारावर पितळी पाटी. पळून जाणारा चोर मला परवडला असता, त्याला निदान लाज असते.

त्याने माझी नक्कल केलीच नाही. नक्कल केली असती तर आम्ही दोघी झालो असतो आणि मग माझी किंमत अर्धी झाली असती. मित्रांनो, ‘दुर्मीळ’ या शब्दाचा अर्थ मला त्या घरात कळला. सगळ्यांपासून काढून एकाने कुलपात ठेवले की वस्तू दुर्मीळ होते. त्यात वस्तूचा काही गुण नसतो.

वर्षातून दोनदा-तीनदा त्याच्याकडे पाहुणे यायचे. जेवण झाले की तो कपाट उघडायचा. मला यंत्रावर चढवायचा आणि धुनेचा पहिला भाग ऐकवायचा, एक मिनिटभर. दुसरा भाग सुरू व्हायच्या बेतात असताना खटका बंद. फीत नाजूक आहे, फार वाजवता येत नाही, असे तो सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे. काही जण पाय ठोकायचे, तेही ठेक्यावर नाही. कोणी विचारले की वाजवणारे कोण, तर तो हात पसरून म्हणायचा की अज्ञात, कोण जाणे कुठले. मग सगळ्यांना आणखीच बरे वाटायचे. नाव कळले असते तर पत्ता विचारावा लागला असता, आणि पत्ता कळला असता तर जावे लागले असते.

नाव त्याला चांगले ठाऊक होते. सबीना त्याला पत्रे लिहीत होती. पहिल्याला त्याने उत्तर दिले, लवकरच पाठवतो म्हणून. पुढच्या सहांना दिले नाही. पण पत्रे त्याने फाडलीही नाहीत. जमवणारा माणूस पडला ना. त्याने ती घडी घालून माझ्याच डब्यात ठेवली. म्हणून मला सगळे ठाऊक आहे.

आई वारली. जॉन-जोचे उशिरा लग्न झाले, त्याला इमेल्डा नावाची मुलगी झाली. ती आत्याकडून फिडल शिकू लागली. आणि सबीना आणि बार्टली दर रविवारी आपली धून आठवू पाहत होते. सबीनाला तिचा भाग येत होता. बार्टलीचा भाग मात्र दोघांच्याही हाती लागत नव्हता. तो सुरुवात नीट करायचा आणि चौथ्या-पाचव्या सुराला दुसऱ्याच कुठल्या तरी ओळखीच्या धुनेत शिरायचा. त्यावर तो हसायचा. मग हसेनासा झाला. हे सगळे पत्रांत होते, साध्या शब्दांत, रडगाणे न गाता.

चौथे पत्र १९७४ सालचे. ते पुढे मोठ्याने वाचले गेले, तेव्हा तिथेच सांगते.

आता १९९९ साल. जिल्ह्याच्या गावी उन्हाळी संगीतशाळा भरली होती आणि लालरला व्याख्यानाला बोलावले होते. विषय होता बासरी आणि फिडलवादकांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे. आता तो सत्तरीत होता, केस पांढरे, गळ्यात रेशमी रुमाल. शाळेच्या सभागृहात दीडशे माणसे होती, बरीचशी हातात वाद्ये घेऊन. प्रत्येक दुसऱ्याच्या मांडीवर छोटा कॅसेट रेकॉर्डर होता. लालरने आधीच बजावले होते की कोणी ध्वनिमुद्रण करू नये.

त्याने मला चढवले. “मंडळी,” तो म्हणाला, “हे दोघे कोण होते, कुठले होते, हे आपल्याला आता कधीच कळणार नाही. काळाने त्यांची नावं पुसली.”

काळाने काहीच पुसले नव्हते. पण बिचारा काळ उठून बोलत नाही.

पहिला भाग वाजला. सवयीप्रमाणे त्याने खटका बंद केला.

मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. काठी, करडा कोट, बोटे संधिवाताने वाकडी झालेली. शेजारी पस्तिशीची इमेल्डा. ती बोलली आणि मी आवाज ओळखला. एकदा भुकटीत बसलेला आवाज आम्ही विसरत नाही.

“डॉक्टर, पुढे जाऊ द्या,” सबीना म्हणाली.

“बाई, फीत फार नाजूक आहे.”

“मीही आहे. जाऊ द्या पुढे.”

लोक हसले. लालरही हसला, मोठ्या मनाने हसतात तसा. “आपण कोण, बाई?”

“अज्ञात,” ती म्हणाली. “फिडल वाजवतेय ती अज्ञात मी. बासरीवाला अज्ञात बार्टली टूही, त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मध्ये खोकली ती माझी आई.”

लालर म्हणाला की वय झाले की असे भास होतात, बाईंना कोणीतरी पाणी द्या. एवढे बोलून तो थांबला असता तर कदाचित निभावला असता. तोवर इमेल्डा टेबलापाशी पोचली होती. तिने माझा डबा उचलला, आत पाहिले आणि आत्याचे अक्षर ओळखले. तो म्हणाला, “डब्याला हात लावू नका,” पण तिने एक पत्र उघडून वाचायला सुरुवात केली होती. आवाज तिने मुळीच चढवला नाही.

“‘डॉक्टर लालर यांस. बार्टली इस्पितळात आहे, छातीचं दुखणं आहे, बरा होईलसं वाटत नाही. त्याला त्याचा भाग एकदा ऐकायचा आहे. फीत परत नको, तुमच्याकडेच राहू द्या. फक्त फोनवरून वाजवून दाखवा. इस्पितळाच्या नर्सशी बोलले आहे, त्या फोन त्याच्या खाटेपर्यंत आणतील. दुपारी दोन ते तीन लाइन मोकळी असते. तुमचा फार वेळ जाणार नाही. सबीना कॉनहीडी.’”

त्या आठवड्यात लालरच्या घरी फोन होता, यंत्र होते आणि मी होते. तीन मिनिटांचे काम होते. त्याने पत्र वाचले होते, घडी घातली होती आणि डब्याचे झाकण लावले होते. मी आतच होते.

“मी त्या काळात फार कामात होतो,” लालर म्हणाला.

पुढच्या रांगेतला एक दणकट बासरीवाला उठला आणि त्याने लालरला बाजूला होण्याची खूण केली. लालर बाजूला झाला. इमेल्डाने खटका चालू केला.

मित्रांनो, अडतीस वर्षांत मी पहिल्यांदा पुढे गेले. मला भीती वाटत होती. माझी भुकटी सुटू लागली होती आणि दोन ठिकाणी मी कुरकुरले. पण बार्टलीचा भाग आला, पूर्ण आला, एकदा, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा. सभागृहात दीडशे माणसे होती आणि टकटक आवाज येत होते, मांडीवरच्या रेकॉर्डरची बटणे दाबल्याचे. लालरने कोणाला अडवले नाही. पाच मिनिटांत मी दुर्मीळ राहिले नाही. एवढे हलके मला कधी वाटले नव्हते.

सबीना खाली बसली होती. तिच्या वाकड्या बोटांचा उजवा हात मांडीवर थोडा थोडा हलत होता. धून संपल्यावर ती इमेल्डाला म्हणाली, “शेवटाला तो खाली उतरतो गं. मी इतकी वर्षं वर जात होते.”

मग ती रडली. जास्त नाही. नाक पुसून तिने मला मागितले.

लालरने शेवटचा प्रयत्न केला. तो म्हणाला की बाईंच्या भावना तो समजू शकतो, पण खरे बोलायचे तर ही फीत आज आहे ती त्याच्यामुळे. तुमच्या घरच्या बाकीच्या तीन फितींचे काय झाले?

हा प्रश्न खरा होता, आणि मी खोटे सांगणार नाही. दोघींवर जॉन-जोने रेडिओवरचे हर्लिंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सामन्यांचे समालोचन भरले. तिसरी ओलीने खराब झाली, तेव्हा त्याने तिचे तुकडे करून कावळे हाकलायला ओटच्या शेतात काठ्यांना बांधले. तिच्यात तासभर बार्टली होता. मी घरी राहिले असते तर माझेही तेच झाले असते, हे शक्य आहे. लालरच्या बाजूने बोलण्यासारखे एवढे एकच आहे आणि ते मला बोलावे लागते याचा मला राग येतो.

सबीनाने थोडा विचार केला. “चोराच्या गोठ्यात गाय जगली,” ती म्हणाली, “म्हणून चोराला गवळी म्हणत नाहीत, डॉक्टर.” आणि तिने मला पर्समध्ये टाकले, जपमाळ आणि पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी.

सबीना आणखी आठ वर्षे जगली. तिची बोटे फिडलवर चालत नव्हती, म्हणून ती तोंडाने गुणगुणायची आणि इमेल्डा वाजवायची. चुकले की आत्या काठी आपटायची. आता ती धून परगण्यात चाळीसेक जण वाजवतात. निम्मे फार घाईत वाजवतात. मला चालते. लालर वारला तेव्हा वर्तमानपत्रात त्याला संगीताचा राखणदार म्हटले होते. इमेल्डाने तो कागद चूल पेटवायला घेतला. मुद्दाम नव्हे, वरचा तोच होता.

मी आता ड्रमानूरच्या घरी, खोलीतल्या कोरड्या फळीवर असते. मला वाजवणे धोक्याचे आहे आणि वाजवायची गरजही राहिलेली नाही. आम्हा फितींना ओल सोसत नाही, ऊन सोसत नाही, लोहचुंबक सोसत नाही. तेवढे सांभाळा. जॉन-जोसारखे आमचे तुकडे करू नका. पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्या घरात कोणाची वस्तू असेल, एखादे पुस्तक, फोटो, वाद्य, चार दिवसांसाठी म्हणून आणलेले, तर ती आज नेऊन द्या. माणूस वाट पाहता पाहता मरतो, आणि मग ती वस्तू कितीही जपलेली असली तरी द्यायची कोणाला? देताना ‘मी किती सांभाळली’ हे सांगत बसू नका. दार वाजवा, हातात द्या. चहाला बोलावले तर प्या. नाही बोलावले तर मुकाट्याने घरी जा.