अडीचकी

कमलाकररावांनी धर्मपाल मास्तरच्या हातातली खंजिरी दोन बोटांनी उचलली आणि टेबलावर उपडी ठेवली. मुलांचं गाणं अर्ध्यातच तुटलं.

"हा विज्ञानाचा तास?"

"हो साहेब. पाण्याची वाफ, वाफेचे ढग."

"मला वाटलं, बाभुळगावच्या बाजारात तमाशा उतरला."

कमलाकरराव शाळा तपासायला आले होते. धर्मपालला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतला हा पहिलाच मॅट्रिक. मघाशी त्याच्या घरून आलेला चहा साहेबांनी पित्ताचं कारण सांगून परत पाठवला होता.

त्यांनी पुढच्या तरटावरच्या पंचफुलाला उभं केलं.

"ढग कशाचे होतात?"

पंचफुलानं सूर धरला, "ऊन तापलं, तळं आटलं…"

"गाऊ नकोस. सांग."

ती हळूच म्हणाली, "पयलेपासून म्हटल्याबिगर येत नाई मले."

"पोपट पाळलेत मास्तर तुम्ही," कमलाकरराव हसले. "याला शिक्षण म्हणत नाहीत."



साहेबांनी खुर्ची ओढून अहवाल लिहायला घेतला. 'विज्ञान गाऊन शिकवले जाते. शिक्षक कायम करण्यास अपात्र.' ओळ सुबक उतरली. उरला हजेरीचा रकाना. पटावर चाळीस, हजर सव्वीस. सव्वीसची अडीचपट केली की टक्के निघणार. सव्वीस अडीच…

लेखणी थांबली. त्यांनी डोळे मिटले. आधी नुसते ओठ हलले, मग आवाजही फुटला.

"एक अडीच अडीच, बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात…"

लहानपणच्या शाळेतली तीच चाल, तोच हेल. दहाच्या पुढे मानही डोलू लागली. मागं कुणीतरी पाटीवर बोटानं ठेका धरला. धर्मपालनं त्याला नजरेनंच दटावलं.

"…सव्वीस अडीच पासष्ट."

त्यांनी डोळे उघडले. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. कोणीच हसत नव्हतं. अजून उभीच असलेली पंचफुला शेजारणीला समजुतीनं म्हणाली, "सायबालेबी पयलेपासूनच लागते वं."

कमलाकररावांनी पासष्टचा आकडा लिहिला नाही. कागदाची घडी घालून ती खिशात टाकली.

"मास्तर, कोरा कागद आहे?"

"आहे साहेब."

"याच्यावर शाई सांडली."

धर्मपालनं कपाटातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. शाई कुठं सांडली, ते त्यानं विचारलं नाही.