धुवायला आलेले करडे शर्ट

सकाळी लाँड्रीचं शटर वर गेलं, पाणी तापत ठेवलं गेलं आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे पहिली इस्त्री पथकाच्या करड्या शर्टांवर फिरवली. गिऱ्हाइकांचे कपडे मागून. पथकाचे आधी, आणि तेही फुकट. गेल्या निवडणुकीत साहेबांचा पक्ष निवडून आला, त्यानंतर त्यांच्या पथकाची मुलं गल्लीत आली होती, काउंटरवर कोपर टेकून गोड हसली होती, "अण्णा, देशसेवा समजा," म्हणाली होती. तेव्हापासून ती रीतच पडून गेली.

"चार शर्टांनी काय होतंय?" अण्णा म्हणाले.

"चाराचे ढीगभर झाले. दिसत नाही का तुम्हाला?" त्यांची बायको कॉलर घासता घासता म्हणाली. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची.

"अगं, निवडून आलेलं सरकार आहे. लोकांनी मतं दिलीत. तू कशाला डोकं पिकवतेस?"

हेच वाक्य त्या गल्लीत घरोघरी चहाबरोबर बोललं जात होतं. साहेब टीव्हीवर म्हणाले, आपल्यात काही उपरे घुसलेत, तेच आपल्या तोंडचा घास पळवतात. गल्ली म्हणाली, बोलतात हो, मतांसाठी बोलावं लागतं. साहेबांविरुद्ध लिहिणारं वर्तमानपत्र बंद पडलं, तेव्हा गल्लीला बरंच वाटलं, नुसती किरकिर असायची म्हणे त्यात. सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना घरी बसवलं, त्या दिवशी गल्लीने चॅनेल बदललं. शहाणी माणसं हो सगळी! भाजीची एक जुडी घेताना दहा वेळा उलटून बघणारी!

अण्णांचा धाकटा भाऊ बाबू पथकात होता. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. तिने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, त्याच्यासाठी नवऱ्याची बोलणी खाल्ली. मोठा झाला, पण नोकरी काही मिळेना. मग पथकाने शर्ट दिला, गळ्यात शिट्टी दिली, आणि आजवर ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला दुकानदार "या, बसा" म्हणू लागले. पोरगा हुरळला. हुरळणारच. पण त्याच्या हुरळण्याची किंमत समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांनी का द्यावी?

काकांचे आजोबा कधीकाळी दुसऱ्या मुलखातून आले होते. काका याच गल्लीत जन्मले, अर्ध्या गल्लीच्या नाकावर त्यांनी केलेले चष्मे होते. तरी पथकाने दुकानांना 'आपलं दुकान' असे स्टिकर लावले, तेव्हा काकांचं दार वगळलं. कोणी काही बोललं नाही. फक्त गिऱ्हाइकं आटली. रोज त्यांच्याबरोबर चहा घेणारे अण्णासुद्धा कामं फार आहेत म्हणू लागले.

वहिनीच्या चष्म्याची काडी मोडली, तेव्हा ती सरळ रस्ता ओलांडून गेली.

काका दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, हवं तर मागच्या दाराने येत जा. उगाच तुम्हाला त्रास."

"मागे दार आहे हेच मला माहीत नाही," वहिनी म्हणाली आणि बाहेरून दिसेल अशी पुढच्याच स्टुलावर बसली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पथक साहेबांचा फोटो घेऊन काकांच्या दुकानात शिरलं. फोटो लाव म्हणाले. काकांना तसाही तोंडावर ताबा नव्हता. ते म्हणाले, "लावतो की. आधी मी उपरा नाही एवढं सांगा, मग साहेबांना चष्माही फुकट करून देतो."

एवढंच. या एवढ्यावर त्यांना मारलं.

आरडाओरडा ऐकून वहिनी धावली, पण अण्णांनी आतून शटर ओढलं आणि किल्ली मुठीत धरली. "अगं, आपल्याला काय करायचंय? आपलं घर आहे, संसार आहे!" ती दोन्ही हातांनी पत्रा बडवत राहिली. बाहेर काचा फुटत होत्या. गल्लीतल्या खिडक्या पटापट लागल्या. नंतर इन्स्पेक्टर आला, कोणी पाहिलं म्हणून विचारून गेला. अख्ख्या गल्लीने मिठाची गुळणी धरली. काका स्वतःच्याच काचेच्या कपाटावर पडले, असं लिहून इन्स्पेक्टर मोकळा झाला. काका दवाखान्यात बेशुद्ध होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबू बनियनवर आला आणि काउंटरवर गाठोडं टाकलं. "वहिनी, हे आधी घे. दुपारी साहेब येणार आहेत, संचलन आहे."

तिने गाठ सोडली. वरचाच शर्ट बाबूचा होता, कॉलरच्या आत तिनेच घातलेली लाल दोऱ्याची खूण होती. बाहीवर, छातीवर तपकिरी डाग. खालच्या शर्टांवरही तसेच.

"हे काय आहे?"

"रंग लागला."

"बाबू, जन्म गेला माझा डाग बघण्यात."

तो जमिनीकडे बघू लागला. "तोच आधी अंगावर आला."

"काय घेऊन? चष्मा?"

अण्णा पुढे झाले. "धुऊन टाक गं. पाया पडतो तुझ्या. पोलिसांनी बघितलं तर आपलं पोर आत जाईल."

"कोण घालतंय त्याला आत?" वहिनी कडाडली. "उद्या आणखी एका दुकानात शिरेल, परवा आणखी. आणि दर वेळी मी धुऊन देऊ? या पोराला मी हाताने भरवलंय हो! त्याच हाताने धुऊ हे?"

ती रडत होती. रडत रडतच तिने सगळे शर्ट उकळत्या पाण्यात सोडले.

"अगं, थंड पाणी! थंड पाणी घे!" अण्णा ओरडले. रक्त थंड पाण्याने निघतं, उकळत्या पाण्यात ते कापडात कायमचं बसतं. एवढं त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबूलाही. त्याने तिचा हात धरला.

"सोड," ती म्हणाली. "नाहीतर मलाही मार. सवय झालीय ना आता?"

त्याने हात सोडला.

दुपारी साहेबांचं संचलन त्या गल्लीत शिरलं, तेव्हा लाँड्रीसमोरच्या दोरीवर शर्ट वाळत होते. स्वच्छ धुतलेले, इस्त्री केल्यासारखे ताणलेले, आणि प्रत्येकावर डाग. ढोल थांबले. वर एकेक खिडकी उघडू लागली. फुटपाथवर बाबू बनियनवर उभा होता. इन्स्पेक्टर धावत आला.

"काल विचारत होतात ना, कोणी पाहिलं?" वहिनी म्हणाली. "आज सगळ्यांनी पाहिलं. लिहून घ्या."

त्याने वहिनीलाच गाडीत बसवलं. शांतताभंग! अण्णांना म्हणाला, दोरी सोडा. आयुष्यभर ज्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, त्या अण्णांनी दोन्ही हात मागे बांधले. "मी नाही सोडणार," ते म्हणाले, आणि गाडीत बायकोशेजारी जाऊन बसले.

पथकाने दोरी कापली, शर्ट जाळले, लाँड्रीला सील ठोकलं. काका शुद्धीवर न येताच गेले. कागदोपत्री ते अजून काचेच्या कपाटावर पडूनच मेलेले आहेत.

नवरा-बायको जामिनावर सुटून आली, तेव्हा गल्लीतल्या काही जणांनी तोंड फिरवलं, काही जण घरी येऊन हळूच म्हणाले, "आम्हाला हो काही माहीतच नव्हतं." वहिनीने त्यांना पाणीही विचारलं नाही. ते शर्ट वाळत होते तेव्हा यांच्या खिडक्या उघड्या होत्या. आणि वाचकहो, आता तुम्हीही पाहिलेत. ते वाक्य तेवढं तुम्हाला यापुढे वापरता येणार नाही.